जुन्या गाडीचा इतिहास घेणाऱ्याला मिळालाच पाहिजे

सात-आठ लाखांत नवी छोटी हॅचबॅक घ्यावी की तेवढ्याच पैशांत सहा-सात वर्षं वापरलेली सिटी, व्हर्ना किंवा सियाझ, हा हिशेब सध्या अनेक घरांत चालू असतो. सेडानच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मागे म्हातारी माणसं पाय पसरून बसू शकतात, डिकीत गावाकडून आणलेलं धान्याचं पोतं मावतं, एक्स्प्रेस-वेवर गाडी रस्ता धरून चालते. नीट सांभाळलेलं इंजिन दीड-दोन लाख किलोमीटर कुरकुर न करता जातं. प्रश्न फक्त तुमच्या समोर उभी असलेली गाडी तशी सांभाळलेली आहे का, एवढाच असतो. त्याचं उत्तर आधीच्या मालकाला, गॅरेजला आणि विमा कंपनीला ठाऊक असतं. पैसे मोजणाऱ्याला तेवढं ठाऊक नसतं.

‘ग्राहकानं डोळे उघडे ठेवावेत’ असं म्हणून हा विषय सोडून देणं मला मान्य नाही. वाकलेल्या सांगाड्याची किंवा निकामी एअरबॅगची गाडी रस्त्यावर आली की धोका एकट्या मालकाला नसतो. म्हणून पुढचे मुद्दे घेणाऱ्यासाठी आहेत, तसेच परिवहन खात्यासाठीही आहेत.

१. मॉडेलचं नाव ही हमी नव्हे.

होंडा सिटी आपल्याकडे १९९८पासून आहे. तिच्या पेट्रोल इंजिनाचं नाव चांगलं आहे आणि ते तिनं कमावलेलं आहे. पण चांगल्या मॉडेलची हाल झालेली गाडी ही साध्या मॉडेलच्या जपलेल्या गाडीपेक्षा वाईटच. मॉडेलच्या माहितीचा खरा उपयोग कुठे बोट ठेवायचं हे कळण्यासाठी होतो. सिटीचं सीव्हीटी घेत असाल तर गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, त्याचं बिल मागा. हे ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. व्हेंटो आणि रॅपिड या दोन्ही चाकणच्या गाड्या. त्यांच्या काही ऑटोमॅटिक प्रकारांत सात गिअरांचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स आहे, आणि त्याच्या मेकाट्रॉनिक युनिटच्या तक्रारी जगभर झाल्या आहेत. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवून काही कळत नाही. गर्दीत रांगत चालवा, चढावर रिव्हर्स घ्या, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका बसतो का ते पाहा. एप्रिल २०२०नंतरची बीएस-६ डिझेल असेल तर तिला काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज तीन-चार किलोमीटरच फिरलेल्या गाडीत तो तुंबतो, आणि त्याचा खर्च मोठा असतो. सियाझचं उत्पादन २०२५मध्ये थांबलं आहे. तिचे सुटे भाग मारुतीच्या इतर गाड्यांशी बरेच जुळतात, त्यामुळे तेवढ्यावरून ती नाकारण्याचं कारण नाही.

२. मीटरवरचा आकडा हा फक्त विकणाऱ्याचा दावा आहे.

डिजिटल मीटर आल्यावर ही लबाडी थांबेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ती सोपी झाली. लॅपटॉप आणि एक केबल असली की काही मिनिटांत एक लाख दहा हजारांचे पंचावन्न हजार होतात. त्यामुळे आकडा वाचण्याआधी गाडी वाचावी. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगचं चामडं चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली आहे आणि मीटर म्हणतंय चाळीस हजार, तर मीटर खोटं बोलतंय. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ची, मीटर पंचवीस हजार, आणि चारही टायर २०२३चे असतील तर पहिला संच एवढ्यात का झिजला, हे विचारायलाच हवं.

खरी नोंद कागदात सापडते. अधिकृत सर्व्हिस सेंटर प्रत्येक भेटीला किलोमीटर लिहून घेतं आणि ती नोंद गाडीच्या चासी नंबरावर कायम राहते. विकणाऱ्याला त्याच्या फोनवर कंपनीचं ॲप उघडायला सांगा, किंवा त्याला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. प्रामाणिक मालक यासाठी अर्धा तास देतो. ‘बाहेरच सर्व्हिस केली’ हे उत्तर खोटंच असेल असं नाही, पण मग बाहेरच्या गॅरेजची बिलं हवीत, आणि बिलांवर किलोमीटर हवेत.

आता यातला सार्वजनिक भाग. अमेरिकेत मीटर मागे घेण्यावर १९७२पासून संघीय कायद्यानं बंदी आहे. जर्मनीत २००५पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. बेल्जियममध्ये २००६पासून वापरलेली गाडी विकताना ‘कार-पास’ द्यावाच लागतो; त्यावर वेळोवेळी नोंदलेले किलोमीटर तारखांसह छापलेले असतात. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी तपासणीत किलोमीटरऐवजी मैल नोंदले जातात आणि गाडीचा नंबर टाकून कुणीही ते फुकट पाहू शकतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात या कृत्यासाठी वेगळं, नेमकं कलम नाही. फसवणुकीचं सर्वसाधारण कलम लावता येतं, पण मीटर कोणी, कधी, कुठे मागे घेतलं हे सिद्ध करायचं ओझं ज्याची फसवणूक झाली त्याच्याच डोक्यावर येतं. मागची नोंद त्याच्या हाती नसताना तो ते कसं सिद्ध करणार?

३. पाण्यात बुडालेली गाडी वाळते, पण बरी होत नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत रस्त्यावरच्या आणि तळघरातल्या किती गाड्या बुडाल्या हे आपण पाहिलंय. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण यांनी तेच भोगलं. बुडालेली गाडी विमा कंपनीकडे जाते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती ‘टोटल लॉस’ धरली जाते, मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात निघतो. इथपर्यंत गैर काही नाही. कायद्यानुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायची आणि तिची नोंदणी रद्द व्हायची. पण सांगाड्याबरोबर आरसीही हातोहात पुढे गेली, की धुऊन-पुसून, सीट कव्हरं बदलून तीच गाडी दुसऱ्या जिल्ह्यात ‘शोरूम कंडिशन’ म्हणून उभी राहते.

तिच्यातला दोष लगेच दिसत नाही, हीच खरी फसवणूक. वायरिंगच्या सांध्यांत गंज हळूहळू चढतो. सहा-आठ महिन्यांनी एके दिवशी पॉवर स्टिअरिंग जड होतं, एबीएसचा दिवा लागतो, एअरबॅगचा दिवा विझेनासा होतो. तेव्हा विकणारा फोन उचलत नाही. म्हणून घेण्याआधी पुढचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस तिथवर पोचलेला नसतो आणि चिखलाची रेघ तशीच राहते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहा. डिकीतली स्टेपनी उचलून तिचा खड्डा तपासा, ड्रायव्हरच्या पायाखालचं कारपेट उचलून हातानं दाबा, फ्यूज बॉक्स उघडा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. सुगंधी डबीचा वास फारच जोरात असेल तर ती काढून बाहेर ठेवा आणि पुन्हा बसा.

४. ठोकलेली गाडी वाईटच असते असं नाही.

शहरात सात वर्षं फिरलेल्या गाडीला टचअप नसेल तरच नवल. बंपर बदलला, दारावर रंग मारला, यानं गाडीच्या आयुष्याला धक्का लागत नाही. पाहायचं ते एप्रन, पिलर आणि रेडिएटरच्या पुढची आडवी पट्टी. कंपनीच्या जोडावर ठरावीक अंतरावर गोल स्पॉट वेल्ड असतात आणि त्यावर सारखी पेस्टिंग असते. ठोकून सरळ केलेल्या जागी हे दोन्ही बिघडतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता अनेक मेकॅनिककडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. आकडा एकदम तीनशे-चारशेच्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे. दारावर पुट्टी असेल तर किंमत कमी करा. पिलरवर असेल तर तिथेच थांबा.

विम्याची शेवटची पॉलिसीही पाहायला मागा. त्यावर नो क्लेम बोनस छापलेला असतो: एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि जास्तीत जास्त ५०. पहिल्याच मालकाकडे सहा-सात वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य किंवा २० दिसला, तर अलीकडे क्लेम घेतलाय किंवा विमा मध्येच तुटलाय. कोणता क्लेम, किती रकमेचा, कोणत्या गॅरेजमध्ये काम झालं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ या तोंडी शब्दापेक्षा ही एक ओळ जास्त सांगते.

५. तपासणाऱ्याला पैसे कोण देतं?

मोठ्या विक्रेत्यांकडे आता शंभर-दोनशे मुद्द्यांचे छापील तपासणी अहवाल मिळतात. त्यांतले पुष्कळ मनापासून केलेले असतात. पण विकणाऱ्याच्या पगारी माणसानं केलेली तपासणी ही घेणाऱ्याची तपासणी होऊ शकत नाही. आपला मेकॅनिक न्या, त्याला हजार-दोन हजार रुपये द्या, आणि सौदा मोडला तरी द्या. सौदा जमला तरच पैसे, असं ठरवलं की त्याची जीभही अडखळते.

गाडी पाहायला सकाळी जा, आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर इंजिन तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलेलं आहे. दुसऱ्या दिवशी या असं सांगून निघा. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर इंजिनमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. मग गाडी घाटात न्या. पुणेकरांना कात्रज आहे, नाशिककरांना कसारा, साताऱ्याकडच्यांना खंबाटकी. एसी चालू ठेवून चढ चढा आणि तापमानाचा काटा पाहा; वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट संपली आहे.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावणं हे आता कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला जमतं. एरर कोड दिसत नाहीत म्हणून समाधान मानू नका. कोड पुसता येतात, पण पुसल्यावर गाडीच्या काही आतल्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही वाचता येतं. तो आकडा पाच-दहा असेल तर तुम्ही येण्याआधी काहीतरी लपवलं गेलंय.

६. रिकॉल झालेली गाडी दुरुस्त झाली का?

याबद्दल आपल्याकडे कमालीची उदासीनता आहे. जुलै २०१६मध्ये होंडानं भारतातल्या १ लाख ९० हजारांहून जास्त गाड्या ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरसाठी परत बोलावल्या. त्यांत सिटीही होती. हा इन्फ्लेटर फुटला तर धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. डिसेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगन समूहानं ईए-१८९ डिझेल इंजिनाच्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या प्रदूषण प्रकरणात परत बोलावण्याचं जाहीर केलं. हे काम फुकट होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही फुकटच होतं. पण कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जातं आणि तिथेच राहतं. म्हणून चासी नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला स्वतः विचारा. १ एप्रिल २०२१पासून सरकारलाही सात वर्षांपर्यंतच्या गाड्या सक्तीनं परत बोलावायला लावता येतात आणि कंपनीला एक कोटीपर्यंत दंड करता येतो. मग एखाद्या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे, हे तिच्या नंबरासमोर दिसायला कसली अडचण आहे?

७. नावावर होईपर्यंत गाडी तुमची नाही, आणि विकणाऱ्याची सुटकाही नाही.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बाकी चलनं भरल्याची खात्री; हे एजंटवर सोडलं तरी पोचपावती स्वतःकडे ठेवा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी हे सगळं दिसतं. विकणाऱ्यांनी २०१८चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा: गाडी पुढे चार हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर ठेवली गेली. घेणाऱ्यानं विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५च्या आदेशापासून निर्बंधांचं सावट आहे, म्हणून तिकडच्या सेडान इथे स्वस्तात येतात. स्वस्ताईत इथला रस्ते कर, एनओसी आणि नव्या नोंदणीचा खर्च मिळवा, मगच तुलना करा.

८. कायदा अर्ध्यावर थांबलेला आहे.

१ एप्रिल २०२३पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आली की त्याची तशी नोंद होते, आणि ताब्यात असताना ती कुठे, कशासाठी, किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्यानं ठेवायची असते. हा नियम चांगला आहे. पण गाडी ताब्यात घेतानाचा मीटरचा आकडा घेणाऱ्याच्या हाती देण्याची सक्ती त्यात हवी होती. डीलरकडून फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या एखाद्या गाडीसाठी मात्र तो मार्ग सहसा खुला नसतो, कारण तो व्यापारी नाही. ‘ओळखीतला माणूस’ म्हणून आपण जिथे सर्वांत कमी तपासतो, तिथेच आपलं संरक्षण सर्वांत कमी आहे.

९. मागण्या तीन, आणि तिन्हींसाठीची यंत्रणा तयार आहे.

पहिली: दर पीयूसीच्या वेळी मीटरचं वाचन घेऊन ते ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत जावं आणि नंबर टाकल्यावर कुणालाही दिसावं. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा पीयूसी करावीच लागते, नंबर प्लेटचा फोटो तेव्हा निघतोच. मीटरचा आणखी एक फोटो हे दहा सेकंदांचं काम आहे. पीयूसी केंद्रांना परवानगी राज्याचं परिवहन खातं देतं, त्यामुळे महाराष्ट्राला यासाठी दिल्लीकडे पाहत बसायची गरज नाही. दुसरी: विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलेल्या गाडीच्या नोंदीवर तसा कायमचा शेरा पडावा, मग ती दुरुस्त होवो वा न होवो. तिसरी: बाकी असलेलं रिकॉल तिथेच दिसावं.

खासगीपणाचा आक्षेप निघतो, त्याचं उत्तर द्यायला हवं. मालकाचं नाव आजही ॲपवर झाकलेलं असतं, ते तसंच राहावं. गाडी किती चालली आणि पाण्यात बुडाली होती का, ही माहिती गाडीची आहे. छोट्या डीलरांचं नुकसान होईल असंही म्हटलं जातं. माझ्या मते उलट होईल. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये नेमकं वापरलेल्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं, की चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल तर घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो. या कामाला २००१चं नोबेल मिळालं. आपल्या बाजारात रोज हेच घडतं: वेळेवर ऑइल बदलणाऱ्या, एकही बिल न फेकणाऱ्या मालकालाही ‘कोण जाणे’ म्हणून पन्नास हजार कमीच मिळतात. नोंद उघड झाली तर पहिला फायदा त्याचा आणि त्याच्यासारख्या सरळ डीलरचा आहे.

खात्याकडून हे होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या गाडीची पुढची पीयूसी काढाल तेव्हा मीटरचा फोटो काढून त्या पावतीबरोबर जपून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा सर्व्हिसची बिलं, विम्याच्या जुन्या पॉलिसी आणि हे फोटो अशी पूर्ण फाइल घेणाऱ्याच्या हातात द्या. घेणारे असाल तर अशी फाइल मागितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि पीयूसीबरोबर मीटरची नोंद व्हावी, एवढी एका ओळीची मागणी तुमच्या आरटीओला आणि आमदाराला लेखी कळवा.